जो आजारी नसतो, त्याचा इतिहास



मागच्या भागात आपण हिरोशिमाबद्दल बोललो. आजचा विषय तिथूनच सुरू होतो, पण येऊन थांबतो घरात, भावाबहिणींमध्ये. एका निरोगी माणसाच्या शरीरातून रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढायच्या आणि त्याच्या आजारी नातेवाइकाला द्यायच्या. बोनमॅरो ट्रान्सप्लांट किंवा स्टेम सेल ट्रान्सप्लांट हे शब्द आता आपल्या कानाला सरावलेत. या उपचाराचा इतिहास बहुतेक वेळा डॉक्टरांचा किंवा रुग्णांचा म्हणून सांगतात. त्यात एक तिसरा माणूसही असतो. त्याला काहीही झालेलं नसतं, तरी तो दवाखान्यात आडवा पडलेला असतो. आज मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

१९९७ साली मी मेजर होतो. कंपनी माझ्याकडे होती आणि आम्ही राजौरी भागात होतो. माझ्या कंपनीतला सातारा जिल्ह्यातला एक जवान सुट्टीवर गेला असताना भावासाठी रक्त तपासायला देऊन आला होता. भाऊ चोवीस वर्षांचा, त्याला रक्ताचा कॅन्सर. दोन महिन्यांनी घरून तार आली, तुझं रक्त जुळलं, ताबडतोब निघ. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि रजेचा अर्ज पुढे करण्याआधी म्हणाला, "साहेब, याच्यानंतर माझी कॅटेगरी जाईल का?" फौजेत नसलेल्यांसाठी सांगतो, मेडिकल कॅटेगरी खाली आली की बढती अडकते, कोर्स अडकतात. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की सुई पाठीच्या कण्यात घालतात. मी म्हणालो, "अरे, भावाच्या जिवापुढं कॅटेगरी काय घेऊन बसलास?" तो "जी साहेब" म्हणाला आणि गेला. रजा मी त्याच दिवशी सही करून दिली, आणि आपण चांगलं काम केलं असं मला वाटलं.

त्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो. आधी इतिहास.

अणुबॉम्बच्या स्फोटातून वाचलेली पुष्कळ माणसं त्यानंतरच्या काही आठवड्यांत गेली. अंगावर जखम नाही, पण ताप, हिरड्यांतून रक्त, अंगभर लाल ठिपके. किरणोत्साराने त्यांच्या हाडांच्या पोकळीतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, जाळून टाकली होती. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे सगळं तिथे तयार होतं. तो कारखाना बंद पडला की माणूस थोड्याच दिवसांचा सोबती. म्हणून युद्धानंतर ज्या संशोधनाला वेग आला, त्यामागे अणुयुद्धाची भीती होती, हे आम्हा फौजी लोकांनी तरी विसरू नये. १९४९ साली शिकागोत लिऑन जेकबसन यांनी उंदराची प्लीहा शिशाने झाकली आणि बाकी अंगावर मारक किरणं सोडली. उंदीर जगला. १९५१ मध्ये एगॉन लॉरेन्झ यांनी दाखवलं की किरणं मारल्यावर दुसऱ्या उंदराची मज्जा टोचली तरी तो वाचतो. काहींचं म्हणणं होतं की मज्जेतला एखादा रस हे काम करत असावा. १९५६ मध्ये इंग्लंडात हार्वेल इथल्या संशोधकांनी तो वाद मिटवला. त्यांनी गुणसूत्रात ओळखू येणारी खूण असलेल्या उंदरांच्या पेशी वापरल्या आणि मज्जा मिळालेल्या उंदरात त्याच खुणेच्या पेशी नांदताना दाखवल्या. परक्या पेशी तिथे जाऊन घर करत होत्या.

मग माणूस. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या कूपरस्टाउन या छोट्या गावच्या इस्पितळातून डोनॉल थॉमस यांनी सहा रुग्णांना शिरेतून मज्जा दिल्याचा अहवाल लिहिला. दोनच वर्षांनी त्यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना त्यांच्या हुबेहूब जुळ्या भावंडांची मज्जा दिली. मज्जा रुजली, काही महिने मुलं बरी राहिली, मग कॅन्सर परतला. पण एक गोष्ट कळली, जुळ्याची मज्जा शरीर परकी मानत नाही. प्रश्न असा की जुळं भावंड कितीजणांना असतं?

याच सुमारास, ऑक्टोबर १९५८ मध्ये, युगोस्लाव्हियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला आणि सहा तरुणांना जबर किरणोत्सार झाला. त्यांना पॅरिसला नेलं. तिथे जॉर्ज माते यांनी त्यांच्यातल्या पाच जणांना फ्रेंच माणसांची मज्जा दिली. दाते कोणाचे कोणी नव्हते. देणाऱ्यांत एक तर तिथलाच डॉक्टर होता. सहातला एक गेला, पाच घरी परतले. त्या मज्जेने खरंच वाचवलं की त्यांची स्वतःची मज्जा हळूहळू सावरली, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला त्यातली दुसरी गोष्ट लक्षात राहते. अनोळखी माणसाला या दात्यांनी 'हो' म्हटलं तेव्हा 'नाही' म्हणायची वाटही त्यांना मोकळी होती. 'नाही' म्हटलं असतं तर दिवाळीच्या जेवणाला त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं.

आता जुळण्याचं गणित. १९५८ मध्येच पॅरिसमध्ये झाँ दॉसे यांना पांढऱ्या पेशींवरची पहिली ओळखखूण सापडली. पुढे तिच्या कुळातल्या खुणांना एचएलए म्हणू लागले आणि १९८० मध्ये दॉसे यांना इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. पत्त्यांच्या उदाहरणाने सांगतो. आईकडे दोन गड्ड्या, बापाकडे दोन गड्ड्या. प्रत्येक मूल आईची एक आणि बापाची एक गड्डी घेऊन जन्माला येतं. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात दोन भावंडं असतील तर निदान एक जुळण्याची शक्यता ४४ टक्के, चार असतील तर ६८ टक्के. आमच्या आजोबांच्या पिढीत नऊ-नऊ मुलं असत. आता एक किंवा दोन. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९६८ साली मिनेसोटात रॉबर्ट गुड यांनी एका पाच महिन्यांच्या बाळाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली. बाळाला जन्मतःच प्रतिकारशक्ती नव्हती, आणि त्या घराण्यातले मुलगे याच आजाराने जात आले होते. ते बाळ वाचलं आणि मोठं झालं. जुळणाऱ्या भावंडाकडून यशस्वी झालेलं हे पहिलं प्रत्यारोपण. दाता म्हणून तिथे एक शाळकरी मुलगी होती, हे वाक्य बहुतेक पुस्तकांत अर्ध्या ओळीत संपतं. थॉमस त्याआधीच सिॲटलला गेले होते. पत्नी डॉटी आणि मोठी तुकडी घेऊन त्यांनी सत्तरच्या दशकात हा उपचार उभा केला. १९९० चं नोबेल त्यांना मिळालं.

मज्जा काढतात कशी, हेही सांगतो, कारण माझ्या जवानाची भीती आजही गावोगाव आहे. कण्याला कुणी हात लावत नाही. दात्याला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात. कमरेच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे जे रुंद हाड हाताला लागतं, त्यात जाड सुई घालतात आणि थोडी थोडी करत मज्जा ओढतात. असं शेकडो वेळा. मोठ्या माणसाकडून साधारण लिटरभर माल निघतो. कंबर काही दिवस ठणकते. मज्जा काही आठवड्यांत भरून येते. मूत्रपिंड दिलं की गेलं, तसं हे नाही. पण भूल ही भूल असते, आणि ज्याला काही झालेलं नाही त्याला ती देताना डॉक्टरचा हातसुद्धा जरा जड होतो, असं एका भूलतज्ज्ञाने मला सांगितलं होतं.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला एक खटला उभा राहिला. एका माणसाची मज्जा सुकत चालली होती. नात्यातला एक भाऊ पहिल्या तपासणीत जुळला. पुढच्या तपासणीला त्याने नकार दिला. आजारी माणसाने कोर्टात मागणी केली की याला मज्जा द्यायला भाग पाडा. न्यायाधीश फ्लॅहर्टी यांनी निकालात नकार देणाऱ्याच्या नीतीवर कडक शब्दांत ताशेरे ओढले, पण सक्ती करायला साफ नकार दिला. कायद्याने एका माणसाच्या शरीरात सुई घालून दुसऱ्याला जगवायचं, हे त्यांना कोणत्याही सभ्य समाजात बसत नाही असं वाटलं. आजारी माणूस पुढच्या काही दिवसांत गेला. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता, तो त्या भावाचा. आज मी न्यायाधीशांच्या बाजूला आहे. कोर्टात तो माणूस सुटला, घरी सुटला असेल का, हे मात्र निकालपत्रात लिहिलेलं नसतं.

भारतात पहिलं प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी झालं. ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, आणि मज्जा तिच्या भावाची. करणारे डॉक्टर सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीत बसून रुग्ण तपासत. हे तंत्र ते सिॲटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टर मॅमेन चांडी यांनी थॅलेसेमियाच्या मुलांसाठी हे काम सुरू केलं. १९९७ मध्ये देशात असं करणारी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी होती, आणि माझा जवान अशाच एका ठिकाणी गेला.

तो दीड महिन्याने परत आला. कंबर ठीक होती, कॅटेगरी गेली नाही. भावाच्या अंगात मज्जा रुजली अशी बातमी आली, आम्ही लंगरमध्ये जिलेबी केली. चौथ्या महिन्यात भाऊ गेला. त्याच्या अंगाची कातडी सुटत होती, पोट धरत नव्हतं, कावीळ झाली होती. जवान मला म्हणाला, "साहेब, डॉक्टर म्हणाले माझ्याच पेशी त्याच्यावर उलटल्या. मीच मारला ना त्याला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुष्कळ वर्षांनी वाचून कळलं ते असं. दात्याच्या पेशी नव्या घरी गेल्या की कधी कधी त्या घरालाच परकं समजतात आणि त्वचा, आतडी, यकृत यांच्यावर हल्ला करतात. खुणा पूर्ण जुळल्या तरी हे होतं. आणि ज्या ताकदीने त्या हल्ला करतात, त्याच ताकदीने त्या उरलासुरला कॅन्सरही मारतात. त्याच्या भावाला जो कॅन्सर होता, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, त्यात तर हा गुण सर्वांत ठळक दिसतो. उपचार आणि अपाय एकाच पेशींतून आले. त्यात दात्याचा काडीचाही दोष नसतो. हे त्याला जाण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं आणि आल्यावरही नाही. चार वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच आजारावर इमॅटिनिब नावाची गोळी आली आणि बहुतेक रुग्णांना प्रत्यारोपणाची गरजच उरली नाही. तेही मी त्याला सांगितलं नाही.

सुई हाडात घालायची पद्धत पुढे बरीच मागे पडली, तिची गोष्ट मला आवडते. १९६२ मध्ये आयबीएम कंपनीतल्या जॉर्ज जडसन नावाच्या इंजिनियरच्या तरुण मुलाला ल्युकेमिया झाला. मुलावर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत उपचार चालू होते. बाप तिथे बसून बघत होता की डॉक्टर रक्ताच्या पिशव्या एक एक करून फिरवतात आणि पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात. त्याला वाटलं, हे यंत्राला सलग करता येईल. कंपनीने त्याला मोकळं सोडलं, आणि डॉक्टर एमिल फ्रायराइख यांच्याबरोबर त्याने रक्त फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र बनवलं. एका हातातून रक्त काढायचं, गरगर फिरवायचं, हवा तो थर काढून घ्यायचा, बाकीचं दुसऱ्या हातात परत. आपली ताक घुसळायची रवीच म्हणा.

पण मूळपेशी हाडात बसलेल्या, रक्तात अगदी नगण्य. त्यांना बाहेर काढणारं औषध, जी-सीएसएफ, ऐंशीच्या दशकात हाती लागलं. ते चार-पाच दिवस टोचलं की मूळपेशी हाड सोडून रक्तात उतरतात. १९९५ मध्ये एकदम तीन ठिकाणांहून अहवाल आले की भावंडांकडून अशा पेशी घेऊन प्रत्यारोपण होतं. २००१ मध्ये सिॲटलच्या डॉक्टरांनी जुळणाऱ्या नातेवाइकांची मज्जा आणि रक्तातून काढलेल्या पेशी यांची समोरासमोर तुलना छापली. रक्तातल्या पेशी लवकर रुजत होत्या. भूल नको, ऑपरेशन थिएटर नको. दात्यांना हायसं वाटलं.

तरी 'काही नसतं हो त्यात' हे जे नातेवाईक म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. २००९ मध्ये युरोपात ५१,०२४ प्रत्यारोपणांच्या दात्यांचा हिशेब मांडला गेला. त्यात पाच दाते दगावले होते, एक मज्जा दिल्यावर आणि चार रक्तातून पेशी दिल्यावर. दहा हजारांत एकाच्या आसपास. हा आकडा लहान आहे, फौजेत याहून मोठे धोके आम्ही रोज घेतले. पण तो शून्य नाही, आणि ज्याच्या दंडात सुई जाणार त्याला तो माहीत असायला हवा.

त्यात एक फरक आहे. अनोळखी दात्यांसाठी नोंदवह्या झाल्या, लंडनमध्ये १९७४ पासून. त्यांना वयाची मर्यादा, कडक तपासणी, नंतर वर्षानुवर्षं विचारपूस. घरच्या दात्याला यातलं फारसं काही नव्हतं. तो घरचाच ना! त्याला तपासणारा डॉक्टरही बहुधा रुग्णाचाच डॉक्टर. त्याच्या डोळ्यांसमोर मरणारा रुग्ण असतो. अशा माणसाने दात्याचा रक्तदाब किती बारकाईने बघावा? हळूहळू जाणत्या संस्थांनी नियम केला की दात्याला तपासणारा डॉक्टर वेगळा हवा आणि अहवाल आधी दात्याला एकट्याला सांगायला हवा.

हे मला २०१६ मध्ये कळलं. इंदूरला राहणारी माझी थोरली बहीण, ताई, एकसष्टाव्या वर्षी ल्युकेमियाने पडली. पूर्वी या वयात प्रत्यारोपणाचा विचारही कुणी केला नसता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सौम्य केमोथेरपीची पद्धत आली आणि म्हाताऱ्यांनाही दार उघडलं. रुग्ण म्हातारा, म्हणजे भावंडंही म्हातारी. मी सत्तावन्न वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू. मी जुळलो. चार सकाळी इंजेक्शनं घेतली. तिसऱ्या दिवसापासून कंबर आणि छातीचं हाड असं दुखायला लागलं, की रूट मार्चनंतरची सगळी दुखणी एकदम आठवली. पाचव्या दिवशी शेवटचं इंजेक्शन घेऊन साडेचार तास यंत्राला जोडलेला पडून होतो. ओठांभोवती मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून घालतात ते सायट्रेट कॅल्शियम पकडून ठेवतं, त्याने हे होतं. सिस्टरने कॅल्शियम दिलं, मुंग्या गेल्या. पिशवीत जमलेलं द्रव टोमॅटोच्या सारासारखं दिसत होतं. ताईच्या वजनाच्या दर किलोमागे निदान वीस लाख मूळपेशी हव्या होत्या, त्याहून बऱ्याच जास्त निघाल्या.

पण त्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट सांगायची राहिली. एका डॉक्टर बाईंनी मला वेगळ्या खोलीत बोलावलं. त्या ताईच्या डॉक्टर नव्हत्या. मेहुणे आणि भाचा बरोबर यायला निघाले, त्यांना त्यांनी बाहेर बसवलं आणि दार लावलं. धोके सांगितले, आकड्यांसकट. ताई वाचेलच असं नाही, आणि न वाचली तर त्यात तुमचा दोष नसेल, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला द्यायचं नसेल तर आत्ता मला सांगा. मी बाहेर जाऊन इतकंच म्हणेन की तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. कारण कुणालाही कळणार नाही. एकदा ताईंची मोठी केमो सुरू झाली की मात्र मागे फिरता येणार नाही, कारण मग त्यांची स्वतःची मज्जा उरलेली नसेल."

मी हो म्हणालो. मला विचार करावा लागला नाही. पण त्या दोन मिनिटांत मला राजौरीचा तो तंबू दिसला. फौजेत कंपनी फॉलिन करून विचारतात, "कौन जाएगा?" आणि सगळ्यांसमोर एक पाऊल पुढे यायचं असतं. त्याला आम्ही वॉलंटियर म्हणतो. माझ्या जवानाच्या घरी तसंच झालं होतं, आणि शेवटचा धक्का मी दिला होता. त्याला अशी बंद दाराची खोली मिळालीच नाही.

आता तर ती खोली आणखी गरजेची झाली आहे. गेल्या पंधरावीस वर्षांत अर्धवट जुळणाऱ्या नातेवाइकाकडूनही प्रत्यारोपण करता येऊ लागलं. बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड देऊन उलटणाऱ्या पेशींना आवरायची युक्ती काढली, आणि ती स्वस्त असल्याने आपल्याकडे झपाट्याने पसरली. लहान कुटुंबांवर हा मोठा उपकार आहे. पण आई, बाप, मुलगा, मुलगी हे सगळे निम्मे जुळतातच. पूर्वी 'जुळलं नाही' म्हणून चारातले तीन आपोआप सुटायचे. आता घरातलं क्वचितच कोणी सुटतं. मग कोणाला पुढे करतात? माझं निरीक्षण विचाराल तर, बऱ्याचदा जिचा आवाज घरात लहान आहे तिला.

आणि मुलं. थॅलेसेमियात रुग्णही लहान, देणारंही लहान. २०१७ पासून कोल इंडियाच्या योजनेतून अशा प्रत्यारोपणाला दहा लाखांपर्यंत मदत मिळते आणि पुष्कळ गरीब घरांतली मुलं त्यामुळे रक्ताच्या बाटल्यांतून मोकळी झाली. पण सहा वर्षांच्या बहिणीची संमती कोण देणार? आईबाप देणार, आणि त्यांचं दुसरं मूल आजारी आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये सांगितलं की अशा मुलाच्या बाजूने बोलणारा एक स्वतंत्र माणूस नेमा. आपल्याकडे काही ठिकाणी हे काम समाजसेविका करतात. मी एका ठिकाणी पाहिलं, ती बाई मुलीसाठी बाहुली घेऊन बसली होती आणि बाहुलीच्या कमरेवर सुई कुठे लागते ते दाखवत होती. मुलीने तिला विचारलं, "दादा मेला तर मला ओरडतील का?"

ताई बरी आहे. तिचा रक्तगट बी होता, आता माझा ओ झालाय. तिच्या रक्तात गुणसूत्रं तपासली तर पुरुषाची निघतात, हार्वेलच्या उंदरांसारखीच खूण. ती म्हणते, म्हणून मला हल्ली राग लवकर येतो.

पेशी दिल्यानंतर वर्षभराने मी पलटणीच्या जुन्या लोकांकडून त्या जवानाचा नंबर मिळवला. तो हवालदार होऊन निवृत्त झाला, गावी शेती बघतो. मी त्याला सगळं सांगितलं. पेशी उलटतात म्हणजे काय, दाता त्यात काही करू शकत नाही, आणि त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणाला नसता तरी मी गेलोच असतो. पण मला तेव्हा दोन दिवस हवे होते."

मग त्याने ताईची चौकशी केली. तिला आता तिखट चालतं का, असं विचारलं. त्याच्या भावाला शेवटी पेजसुद्धा चालत नव्हती.